आठवी आसरा

मोजणीवाल्यांच्या दगडाला मी हळदकुंकू वाहिलं, ही गोष्ट आमच्या घरात परीक्षांच्या दिवसांत दर वर्षी निघते. वाहिलं म्हणजे नुसतं बोट टेकवलं नाही. मन लावून, दगडाचा मूळ रंग दिसेनासा होईपर्यंत माखलं. वर मोगऱ्याची दोन फुलं ठेवली, हात जोडले आणि मुलीला गणितात बरे मार्क पडू देत, असं मागणंही मागून मोकळा झालो. तो दगड आमच्या सोसायटीची हद्द कुठे संपते हे दाखवायला आदल्याच दिवशी रोवलेला होता. त्याचा गणिताशी संबंध होता, नाही असं नाही. पण त्या अर्थाने नव्हता.

यंदाही कडुलिंब फुललाय. खिडकीतून तो कडसर गोड वास आत आला, खालच्या मजल्यावरच्या मुलाचं मोठमोठ्याने पाठांतर ऐकू आलं, की मला ते वर्ष आठवतं. मुक्ता, आमची मुलगी, तेव्हा दहावीला होती. नारायण पेठेतल्या दोन खोल्या सोडून आम्ही नुकतेच शहराच्या कडेला राहायला आलो होतो. कालपर्यंत जे गाव होतं आणि आज महापालिकेत आलं होतं, अशा ठिकाणी. पत्ता पुण्याचा, पण सकाळी जाग यायची ती म्हशींच्या हंबरण्याने. सोसायटीच्या मागच्या अंगाला एक जुनी दगडी विहीर होती आणि तिच्या काठावर साती आसरा. मूर्ती वगैरे काही नाही. सात ओबडधोबड दगड, ओळीने मांडलेले, शेजारी वाळलेली फुलं आणि फुटक्या हिरव्या बांगड्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या पऱ्या. नदी, तळं, विहीर, जिथे खोल पाणी तिथे त्या सात जणी असायच्याच.

पेपरच्या आधी आसरांना हळदकुंकू वाहावं, असं आमच्या हिला कौसल्याबाईंनी सांगितलं होतं. विहिरीपलीकडच्या कौलारू घरात त्या राहायच्या. नवरा गेल्यावर माहेरी परतलेल्या, साठीच्या, हाडापेराने काटक. आमच्या हिची श्रद्धा बेताचीच. पण शेजारणीचा शब्द मोडायचा नाही, हा तिचा धर्म. नेमकी त्या दिवशी तिची पाठ धरली. तेव्हा ताम्हण माझ्या हातात देऊन तिने बजावलं, ‘सात दगड आहेत. वाहा आणि या. शहाणपणा करू नका.’

शहाणपणा मी केलाच. मला सहाच दगड दिसले. सातवा घाणेरीच्या झुडपात गेला होता, हे नंतर कळलं. थोडं पलीकडे चुना लावलेला, ताठ, नीटस असा एक दगड एकटाच उभा होता. मला वाटलं, ही धाकटी दिसतेय, रुसून बाजूला बसलेली. घरातली गोष्टी सांगणारी माणसं अशीच फसतात. जिथे काही नसतं तिथे त्यांना आधी स्वभाव दिसतो.

दुसऱ्या दिवशी त्या दगडापुढे कुणीतरी नारळ फोडला. मग एक हिरवा खण आला. पलीकडच्या बांधकामावरच्या बायकांनी चिंध्यांचा इवलासा पाळणा आणून टांगला. मोजणीवाले फीत घेऊन परत आले, तेव्हा त्यांनी चपला काढल्या, एकमेकांकडे पाहिलं आणि चपला घालून निघून गेले.

कौसल्याबाई पदर तोंडात कोंबून हसल्या. ‘काय वो भाऊ, सरकारी दगडाला नवस बोललात! आता त्यो पावला म्हंजी समद्या गावाची मोजणी फुकटात.’

पऱ्या कशा जन्माला येतात, यावर मी आयुष्यभर पोरांना तऱ्हेतऱ्हेची उत्तरं दिली होती. एक परी माझ्याच हातून जन्माला येईल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

घराण्यात गोष्टी सांगण्याचं खातं माझ्याकडे कसं आलं, ठाऊक नाही. बहुधा दुसरं कुठलंच काम मला नीट जमत नाही, म्हणून. लग्नाकार्यात, बारशात, कुणाच्या मुंजीत जेवणं आटोपली की सगळी बच्चेकंपनी माझ्या अंगावर सोडून मोठी माणसं लवंडायची. मग पहिला प्रश्न ठरलेला. पऱ्या येतात कुठून? पेठेतलं उत्तर सोपं होतं. इंद्राच्या दरबारात नाचता नाचता एकीचा ताल चुकला, इंद्राने शाप दिला, ती पृथ्वीवर पडली. माझं पऱ्या पाहणं शाळेच्या गॅदरिंगवरच भागलेलं असल्यामुळे मला त्या पुठ्ठ्याच्या पंखांनिशी आणि चिकटवलेल्या चमकीनिशी पडताना दिसायच्या. मुक्ता लहान असताना तिने विचारलं, पडली तर लागलं नाही का तिला? तेव्हा मी गोष्ट दुरुस्त केली. पडत नाहीत, येतात. पण इंद्राच्या दरबारातून थेट गाडी नाही, स्वारगेटला उतरून बदलावी लागते. पुढची कित्येक वर्षं स्वारगेटच्या गर्दीत पिशव्या सांभाळत उभी असलेली एखादी दमलेली बाई दिसली, की मुक्ता माझा हात दाबायची. ‘बाबा, ही?’

मी म्हणायचो, ‘असू शकते.’

गावात बांगड्यांचं दुकान होतं ते शमीमभाभींचं. त्यांच्या सासऱ्यांच्याही आधीपासून ते कुटुंब तिथलंच. आसरांना चढवायच्या हिरव्या बांगड्या त्यांच्याकडूनच जायच्या. एकदा ही बांगड्या भरत असताना मी तिथेही विषय काढला. भाभी हिच्या हातावरून नजर न उचलता म्हणाल्या, ‘आमची नानी सांगायची, पऱ्या आगीपासून झाल्या. कोहकाफच्या डोंगरात राहतात. तुमच्या पाण्याच्या, आमच्या आगीच्या. बांगड्या दोघींना लागतात.’ आणि हिचा अंगठा आत दाबत, ‘वहिनी, हात सैल सोडा. ते बोलतात म्हणून तुम्ही घट्ट धरू नका.’

गावाचं मत तिसरंच. काही मनात राहिलेली बाई पाण्यात गेली, की ती आसरा होते. आणि आसरा झालेल्या बाया मग दुसरीला बोलावतात. म्हणून भर दुपारी विहिरीवर जायचं नाही, आणि गेलंच तर केस मोकळे सोडून तर मुळीच जायचं नाही. मोकळे केस दिसले की त्या ओढतात.

हे मला सांगितलं कौसल्याबाईंच्या धाकट्या भावाने, शंकररावांनी. चिंचा फोडायचे दिवस होते. कौसल्याबाई विहिरीकाठच्या सावलीत पाट्यावर चिंच ठेवून दगडाने टिचवायच्या, चिंचोके एकीकडे, गर एकीकडे. आंबट वासाने नुसतं बसल्या जागी तोंडाला पाणी सुटायचं. शंकरराव मोटारसायकल लावून आले, माझ्याशेजारी टेकले. गोष्टीवेडा माणूस भेटला की सांगणाऱ्यालाही चेव येतो. ‘आमच्याच घरात झालंय की, साहेब. आमची थोरली बहीण, हौसाआक्का. सोळा-सतरा वर्षांची व्हती. लगीन ठरल्यालं. भर दुपारी केस मोकळे सोडून हितं आली. आसरांनी वढली.’ त्यांनी आसरांकडे बघून हात जोडले. त्यात राग नव्हता. जे घडलं ते असं, आणि ते असंच सांगायचं, एवढंच त्यांना माहीत होतं.

कौसल्याबाईंच्या हातातला दगड पुढच्या चिंचेवर जरा जोरात बसला. चिंचोका उडून माझ्या पायाशी आला.

तेव्हा मला एवढंच वाटलं होतं, की गोष्ट चांगली आहे. आता ते आठवलं की ऐकू येतो तो दगडाचा आवाज.

ती विहीर बुजवायची होती, हे मी सांगितलंच नाही. विहिरीभोवतीची जमिनीची पट्टी शंकररावांची. ती त्यांनी सोसायटीला द्यायची, सोसायटीने तिथे गाड्या लावायच्या, असं ठरत आलं होतं. मोजणी त्यासाठीच. खडकवासल्याचं पाणी आमच्या नळाला दिवसातून एकदा, तेही उपकार केल्यासारखं यायचं. टँकरच्या मागे बादल्या घेऊन आम्ही शिकलेली माणसं एकमेकांना कोपर मारायचो. आणि तीच आम्ही माणसं भर उन्हाळ्यात भरली विहीर बुजवायला निघालो होतो. माझीही गाडी होती. मीही मान डोलावली होती.

माझ्या दगडाने घोळ केला. मोजणी अडली. बायका विहिरीकडे येऊ लागल्या. तेव्हा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. निवृत्त, इस्त्रीचे, मुद्देसूद गृहस्थ. चहा नको म्हणाले, मग प्यायले.

‘रविवारी सभा आहे. तो दगड आपण रंगवला, हे आपण स्वतः उभं राहून सांगायचं. लोकांचा गैरसमज दूर होईल. बाकी आपल्याला जमत नसलं तरी उभं राहणं जमेल.’ जाता जाता दारातून वळून म्हणाले, ‘आणि मे महिन्यात मुलांचं शिबिर आहे. परीची गोष्ट सांगा एखादी. पंख असलेली, छडी असलेली. त्या विहिरीतल्या बायका नकोत.’

सभा पार्किंगमध्ये, संध्याकाळी. दिवसभर तापलेली फरशी चपलेतून भाजत होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पंख्याऐवजी सभेची सूचना हातात घेऊन वारा घेणारी माणसं. शंकरराव पांढऱ्या कपड्यांत पहिल्या रांगेत. कौसल्याबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्या आल्या आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या. आमची ही त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पाठ धरलेली असताना. खुर्ची देऊ केली तर म्हणाली, ‘बसते नंतर.’

सेक्रेटरींनी मला उभं केलं.

‘तो दगड कुणी रंगवला?’

‘मी.’

‘कशासाठी?’

‘गणितासाठी.’

हशा पिकला. मुक्ता जिन्यात बसली होती, तिने डोकं गुडघ्यात घातलं.

‘म्हणजे तो देव नाही, हे आपण मान्य करता.’

‘रोवला तेव्हा नव्हता. आजचं त्या बायकांना विचारा.’

‘बघा!’ सेक्रेटरी सभेकडे वळले. ‘आपल्या डोळ्यांदेखत देव तयार झाला. एका सभासदाच्या वेंधळेपणातून. ते उरलेले सातही असेच कुणाच्या तरी वेंधळेपणातून आलेले असणार. त्यांच्यासाठी आपण जागा सोडायची?’ ते चूक बोलत नव्हते, हीच पंचाईत होती. मग त्यांनी आवाज मऊ केला. ‘कौसल्याबाई, आपल्या भावना आम्हाला समजतात. पण केस मोकळे सोडले आणि आसरांनी ओढलं, या गोष्टी आता...’

‘केस मोकळे न्हवते.’

कौसल्याबाई मोठ्याने बोलल्या नाहीत. पण वारा घेणारे कागद थांबले.

‘काय म्हणालात?’

‘हौसाआक्काचे केस मोकळे न्हवते. येणी व्हती. म्या घातली व्हती, सकाळच्या पारी, उंबऱ्यात बसून. तेल लावून, घट्ट. ती म्हनली, अजून घट्ट घाल, कवसे, सुटाय नको. इहिरीतनं काढली तवाबी सुटली न्हवती. म्या बघितली.’

शंकरराव अर्धवट उठले. ‘आक्का, हे काय आता...’

‘खाली बस. तू पाळण्यात व्हतास.’ त्या भावाकडे बघतही नव्हत्या, दूर विहिरीच्या बाजूला बघत होत्या. ‘बापाला तिनं सांगितलं व्हतं, त्या घरी मी नांदायची न्हाई. तोंडावर सांगितलं. लई मारली तिला. मग ती गेली. नि ती गेल्यावर समदे बसले आन ठरवलं, केस मोकळे व्हते. आसरांनी वढली. बा सुटला, आई सुटली, गाव सुटला. आसरा काय, दगडाच्या. त्या काय कोर्टात जात्यात?’

‘मला कधी बोलली न्हाईस,’ शंकरराव म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता.

‘सांगाय आले व्हते. तू शाळंत जायचास तवा. तर तूच मला सांगाय लागलास, केस मोकळे व्हते म्हणून.’

सेक्रेटरींनी घसा साफ केला. ‘झालं ते फार वाईट झालं. पण विहिरीचा प्रश्न...’

‘इहिरीचाच सांगते. इहीर हाय तवर मी तिथं बसून म्हणू शकते, येणी व्हती. बुजवल्यावर कुठं बसून म्हनू? तुमच्या गाड्यांत?’

मी उभाच होतो. मला बसा असं कुणी म्हटलंच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा उभं राहण्याचा उपयोग दिसला. मी म्हणालो, ‘माझी मान डोलली होती, ती मी मागे घेतो. माझी गाडी रस्त्यावर लागेल. पावसात भिजेल. भिजू दे.’ बोलल्यावर माझंच मला फार शूर वाटलं. मग लक्षात आलं, की सभा माझ्याकडे नाही, शंकररावांकडे बघतेय.

शंकररावांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. ‘पट्टी द्यायची न्हाई,’ ते म्हणाले. ‘इहीर राहील. तुमच्या गाड्या तुमच्या हद्दीत लावा.’

परी कुठून येते, याबद्दल मी तेव्हापासून जरा वेगळा विचार करतो. इंद्राच्या गोष्टीत ती शापाने पडते. गावच्या गोष्टीत तिला कुणीतरी ओढतं. ‘मी जाणार नाही’ असं म्हणालेली मुलगी कुठल्याच गोष्टीत नाही. ते वाक्य पुसायलाच बहुधा पऱ्या लागतात. घरात नको असलेलं खरं आपण पाण्यात टाकतो, वर हळदकुंकू वाहतो, आणि वर्षातून एकदा बांगड्या नेऊन देतो. मला आसरांचा राग येत नाही. त्यांच्या अंगावर काय काय लादलंय, ते पाहून कीवच येते.

नंतर उत्साही मंडळींनी उलट्या टोकाची टूम काढली. तिथे छोटंसं देऊळ बांधू, फरशी घालू, दिवे लावू. कौसल्याबाईंनी तेही उडवून लावलं. ‘देऊळ नगं. देवळात पुजारी येतो. पुजारी आला की हौसाचे केस परत सुटत्यात.’

माझा दगड मात्र त्यांनी हलवू दिला नाही. मोजणीवाल्यांनी हातभर अंतरावर नवा रोवला आणि सेक्रेटरींनी त्यावर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: ‘हा दगड मोजणीचा आहे. येथे काहीही वाहू नये. वाहिल्यास पावणार नाही.’ मी कौसल्याबाईंना विचारलं, ठाऊक असताना तो दगड ठेवलात कसा? तर म्हणाल्या, ‘सात आदीच्या. त्यांनीच वढली म्हणत्यात, मग हौसाला त्यांच्यात कशी बशिवणार? तिला येगळी जागा पायजे व्हती. इतकी वर्सं सुचलं न्हाई. तुमच्या येडेपणानं झाली.’

त्या वर्षी बांगड्या आणायला त्या आणि ही बरोबर गेल्या. शमीमभाभींनी सवयीने सात जोड बांधले. कौसल्याबाई म्हणाल्या, ‘आठ.’ भाभींनी कारण विचारलं नाही. सभेची बातमी दुकानापर्यंत आली होती. आसरांच्या बांगड्यांना कुणी माप बघत नाही, हाताला लागतील त्या देतात. पण आठव्या जोडाला हात घालताना भाभी थांबल्या. ‘हिचं माप?’

‘दोन-दोन,’ कौसल्याबाई म्हणाल्या. ‘हात बारीक व्हता तिचा.’

हे मला हिने सांगितलं. सांगताना ती भाजी निवडत होती आणि बराच वेळ तीच एक काडी निवडत राहिली.

मे महिन्यातल्या शिबिरात मी पंखांची परी सांगितली नाही. वेणीची सांगितली. घट्ट वेणी घालून ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलीची. ती पाण्यात कशी गेली, ते पोरांच्या वयाला झेपेल इतकंच सांगितलं. पण तिला कुणी ओढलं नाही, हे दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोन आया तक्रार घेऊन आल्या, आणि एका आईने मुलीची वेणी घालता घालता खिडकीतून मला हात केला. पुढच्या वर्षी शिबिरासाठी मला कुणी विचारलं नाही. मी विहिरीच्या काठावर आपला आपण बसलो. पोरं आली. अजून येतात. पोरींना प्रश्न फार असतात, आणि मी आता इंद्राकडे पळून जात नाही.

विहिरीला जाळी बसलीय. दुपारी वाकून पाहिलं तर जाळीचे चौकोन पाण्यावर हलताना दिसतात. कौसल्याबाईंचे हात आता संथ झालेत, चिंचा फोडायला शंकररावांची सून लागते, पण जागा तीच. मुक्ता दूर गावी नोकरीला आहे. परीक्षांचे दिवस आले की फोनवर विचारते, ‘बाबा, दगडाला भेटून आलात का?’ गणितात तिला जेमतेम मार्क पडले होते. दगड हद्दीचा होता, तो आपल्या हद्दीत राहिला.

पण सभेच्या त्या संध्याकाळचं एक राहिलं. घरी आलो तेव्हा मी तरंगत होतो. गाडी भिजू दे, हे वाक्य मी हिला जिन्यातच दोनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा ऐकवणार, तेवढ्यात तिने पंखा लावला, खुर्चीत पाठ टेकली, डोळे मिटले.

‘बोललात ते चांगलं बोललात,’ ती म्हणाली. ‘पण पऱ्या कुठून येतात, हे इतकी वर्षं सांगत होतात. त्या कुणाच्या घरातून निघतात, हे सांगायला शेवटी एक बाईच उभी राहिली. आणि तिला कुणी खुर्चीसुद्धा दिली नव्हती.’

मग डोळे न उघडताच म्हणाली, ‘मुक्ताला हाक मारा. वेणी घालायचीय तिची. आणि तिला आधी विचारा, घालायचीय का.’